नत्रयुक्त लिगँड आणि धातूंचे कॉम्प्लेक्स: तालुक्याच्या कॉलेजमधल्या प्रॅक्टिकलसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्यासोबत प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या परिचरांसाठी आहेत. छापील प्रॅक्टिकल पुस्तकातली कृती बरोबरच असते, पण ती २५ अंशांची खोली आणि नळाला भरपूर दाब धरून लिहिलेली असते. आपल्याकडे एप्रिलमध्ये यातलं एकही हाती नसतं.

नत्रयुक्त लिगँड म्हणजे नेमकं काय?

ज्या रेणूतला नत्राचा अणू आपली न वापरलेली इलेक्ट्रॉनची जोडी धातूला देतो, तो नत्रयुक्त लिगँड. लिगँडनी वेढलेला धातू म्हणजे कॉम्प्लेक्स. सगळ्यात साधा लिगँड म्हणजे अमोनिया. इथिलिनडायअमाइनमध्ये असे दोन नत्र असतात, त्यामुळे तो धातूला चिमट्यासारखा दोन बाजूंनी धरतो. पिरिडीन, फिनँथ्रोलीन, डायमिथाइलग्लायॉक्झाइम आणि शिफ बेस (अल्डिहाइड आणि अमाइन जोडून होणारा लिगँड) ही बाकीची नेहमीची मंडळी.

चिमट्याचा फरक आकड्यात बघा. निकेलला सहा अमोनिया जोडले की स्थिरतेच्या स्थिरांकाचा लॉग सुमारे ८.६ येतो आणि तीन इथिलिनडायअमाइन जोडले की सुमारे १८.३. दोन्हीकडे निकेलभोवती नत्र सहाच आहेत, तरी पकड सुमारे पाच अब्ज पट वाढते. म्हणूनच अमोनियाचा निकेल कॉम्प्लेक्स बाटलीत ठेवल्या ठेवल्या अमोनिया सोडत राहतो आणि इथिलिनडायअमाइनचा वर्षभर जांभळाच्या जांभळा राहतो.

पहिल्यांदा कोणता कॉम्प्लेक्स करावा?

टेट्राअमाइन कॉपर सल्फेट. मोरचूद (कॉपर सल्फेट) स्वस्त आहे, रंग डोळ्यांदेखत बदलतो आणि एका तासिकेत काम होतं.

५ ग्रॅम मोरचूद खलात बारीक करा, १५ मिली डिस्टिल्ड पाण्यात कोमट करून विरघळवा आणि थंड होऊ द्या. आता लायकर अमोनिया (अमोनियाचं २५ टक्क्यांचं द्रावण) थेंबाथेंबाने घाला आणि हलवत राहा. आधी फिकट निळा, दह्यासारखा साका येईल, तो बेसिक कॉपर सल्फेटचा. इथे बरेच जण घाबरून थांबतात. थांबू नका. अमोनिया जसजसा वाढेल तसतसा साका विरघळून शाईसारखं गर्द निळं द्रावण होईल. हिशेबाने ६ मिली अमोनिया पुरतो, पण १० ते १२ मिली घाला, कारण थोडा उडून जातो आणि थोडा जादा लागतोच. मग २० मिली इथेनॉल बीकरच्या कडेने हळूच सोडा, वॉच ग्लास झाका आणि बीकर बर्फात ठेवा.

गाळल्यावर स्फटिक आधी इथेनॉल आणि अमोनियाच्या समप्रमाणातल्या मिश्रणाने धुवा, मग नुसत्या इथेनॉलने. पाण्याने कधीच नाही. ५ ग्रॅम मोरचुदापासून जास्तीत जास्त ४.९२ ग्रॅम मिळू शकतात. वहीत ५.६ ग्रॅम लिहिलं असेल तर स्फटिक ओले आहेत, यील्ड चांगलं आलेलं नाही.

लांब सुया हव्या असतील तर इथेनॉल मिसळू नका. वरचा थर तसाच ठेवून बीकर रात्रभर हलवू नका. दुसऱ्या दिवशी दोन थरांच्या सीमेवरून खाली लोंबणाऱ्या गडद निळ्या सुया दिसतात. एकदम ओतून ढवळलं तर नुसतं पीठ पडतं. तेही शुद्ध असू शकतं, पण गाळायला फार वेळ घेतं.

इथेनॉल संपलं असेल तर?

आयसोप्रोपिल अल्कोहोलनेही स्फटिक खाली येतात. ॲसिटोन मात्र टाळा, विशेषतः इथिलिनडायअमाइन असेल तिथे, कारण ॲसिटोन अमाइनशीच अभिक्रिया करतं आणि तुम्ही ठरवलेला लिगँड तसा राहत नाही.

उन्हाळ्यात स्फटिक येतच नाहीत किंवा फिके येतात. का?

कारण अमोनिया तुमच्याआधी निघून गेलेला असतो. २५ टक्क्यांचं अमोनिया द्रावण ३८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. मे महिन्यात चंद्रपूर, वर्धा, अकोल्याकडे दुपारी खोलीचं तापमान त्याच्या वर असतं. म्हणजे बाटली उघडल्यावर आत उकळतं द्रावणच असतं. यातून दोन गोष्टी होतात. एक, झाकण उघडताच फवारा तोंडावर येऊ शकतो आणि डोळा जाऊ शकतो. दोन, अर्ध्या रिकाम्या जुन्या बाटलीत अमोनिया १५ टक्क्यांवर आलेला असतो आणि तुम्ही तो २५ टक्के समजून मोजता.

बाटली वापरण्याआधी अर्धा तास बर्फाच्या पाण्याच्या बादलीत उभी ठेवा. ओलं फडकं झाकणावर टाकून, तोंड फिरवून, चष्मा लावून उघडा. काम सकाळी सात-आठला लावा. बर्फ गावच्या बर्फ कारखान्यातून आणला तर तीन भाग कुटलेला बर्फ आणि एक भाग खडे मीठ मिसळा, तापमान शून्याखाली बरंच उतरतं. बर्फ मिळालाच नाही तर माठाच्या पाण्यात बीकर ठेवून काम भागतं, फक्त यील्ड थोडं घटतं. कोबाल्टचं प्रॅक्टिकल मात्र बर्फाशिवाय करू नका. आमचा आग्रह असा, की वेळापत्रक आखताना अमोनियाचे प्रयोग डिसेंबर-जानेवारीत घ्या आणि प्रमाण मोजण्याचे प्रयोग, टायट्रेशन उन्हाळ्याकडे ढकला.

स्फटिक ओव्हनमध्ये वाळवले तर चालतील का?

नाही. ओव्हनमध्ये अमोनिया सुटतो आणि रंग फिकट हिरवट निळा होतो. फिल्टर पेपरमध्ये दाबून सावलीत वाळवा. डेसिकेटर वापरायचा असेल तर आत काय ठेवलंय ते बघा. कॅल्शियम क्लोराइड अमोनिया शोषतं आणि सल्फ्युरिक ॲसिड तर त्याला गिळूनच टाकतं. त्याऐवजी कळीचा चुना ठेवा. तो पाणी घेतो, अमोनियाला हात लावत नाही, आणि गावात मिळतो.

शेतीचा मोरचूद वापरला तर?

वरूड, मोर्शी, काटोलकडे संत्र्यावर बोर्डो मिश्रणासाठी पोत्याने मोरचूद येतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी निघतो. त्यात बहुधा लोह असतं. ओळखायला सोपं आहे: चमचाभर विरघळवून जादा अमोनिया घाला. निळं द्रावण स्वच्छ राहण्याऐवजी तळाला गंजाच्या रंगाचे तुकडे बसले, तर लोह आहे. असा मोरचूद पाण्यात विरघळवून हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब घालून उकळा, लोह खाली बसलं की गाळा आणि गाळलेल्या द्रावणातून पुन्हा स्फटिक काढा. पेरॉक्साइडची पायरी वगळली तर फेरस लोह मोरचुदाच्या स्फटिकातच शिरतं आणि कितीही वेळा स्फटिकीकरण केलं तरी सोबत राहतं.

निकेलचा जांभळा कॉम्प्लेक्स कसा करायचा?

६ ग्रॅम निकेल क्लोराइड (सहा पाण्याचं) १० मिली कोमट पाण्यात विरघळवा, थंड करा, २० मिली थंड लायकर अमोनिया घाला. हिरवं जाऊन निळं, मग जांभळं होईल. बर्फात १५ मिली इथेनॉल घालून अर्धा तास ठेवा, गाळा, अमोनिया-इथेनॉलने धुवा. सैद्धांतिक यील्ड ५.८५ ग्रॅम. घट्ट बुचाच्या बाटलीत भरा. आठवड्याभरात बाटलीच्या काठाशी हिरवट पावडर दिसू लागली तर बूच ढिलं आहे. निकेलने त्वचेवर ॲलर्जी होते आणि निकेलची संयुगं कर्करोगकारक मानली जातात, म्हणून हातमोजे घाला आणि कोरडी पावडर फुंकू नका.

कोबाल्टचा पिवळा-नारिंगी व्हायला हवा होता, आमचा जांभळा झाला. काय चुकलं?

बहुतेक वेळा कोळसा. सहा अमोनियांचा हेक्साअमाइन नारिंगी असतो. पाच अमोनिया आणि एक क्लोराइड थेट कोबाल्टला जोडलेला असेल तर तो जांभळट लाल, पेंटाअमाइन क्लोरो. ॲक्टिव्हेटेड चारकोल इथे उत्प्रेरक म्हणून काम करतो. तो नसेल किंवा जुना, ओला झालेला असेल तर शेवटच्या क्लोराइडची जागा अमोनिया घेत नाही.

कृती अशी. कोबाल्ट क्लोराइड (सहा पाण्याचं) ५ ग्रॅम आणि नवसागर ३.३ ग्रॅम ३० मिली पाण्यात घ्या. कल्हईवाल्याचा नवसागर नको, प्रयोगशाळेचं अमोनियम क्लोराइडच घ्या. १ ग्रॅम चारकोल आणि ४५ मिली लायकर अमोनिया घालून बर्फात थंड करा. मग ४ मिली ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने, तापमान १० अंशांच्या वर न जाऊ देता. एकदम ओतलं तर फेस उसळून बीकरबाहेर येतो. सगळं घालून झाल्यावर ६० अंशांवर अर्धा तास ठेवा. इथेच अदलाबदल पूर्ण होते, त्यामुळे ही पायरी घाईत आटोपू नका. पुन्हा थंड करून गाळा. पेपरवर कोळसा आणि स्फटिक एकत्र असतात. ते ५० मिली गरम पाण्यात १ मिली संहत हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून विरघळवा, गरम असतानाच गाळून कोळसा काढा, द्रावणात १० मिली संहत हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून बर्फात ठेवा. सैद्धांतिक यील्ड ५.६ ग्रॅम, हातात ६०-७० टक्के आलं तर समाधान माना.

औषधाच्या दुकानात मिळणारं पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं, म्हणजे २० व्हॉल्यूमचं असतं. ते वापरायचं तर २० मिली लागेल आणि सुरुवातीचं पाणी तितकं कमी करा. उन्हाळा काढलेली बाटली मात्र वापरण्याआधी परमँगनेटने तपासा. नुसतं हिशेबाने पाहिलं तर ३० टक्क्यांचं १ मिलीच पुरतं. चौपट घालण्याचं कारण हेच, की कोळशावर बरंचसं फुकट फुटतं.

क्लोराइड आत आहे की बाहेर, हे कसं ओळखायचं?

आल्फ्रेड वर्नरने १८९३ मध्ये मांडलेला सिद्धांत याच प्रश्नावर उभा आहे, आणि १९१३ चं नोबेल त्याला त्याच कामासाठी मिळालं. धातूला थेट जोडलेला क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटला थंड द्रावणात दाद देत नाही, बाहेरचा लगेच पांढरा साका देतो. हेक्साअमाइनचे ०.२६७५ ग्रॅम घेतले तर सिल्व्हर क्लोराइड ०.४३० ग्रॅम यायला हवं, कारण तिन्ही क्लोराइड बाहेर आहेत. पेंटाअमाइनचे ०.२५०४ ग्रॅम घेतले तर ०.२८७ ग्रॅमच येतं. मग गाळलेलं द्रावण उकळा, तिसरा क्लोराइड सुटून पुन्हा गढूळ होतं.

इथे दोन चुका ठरलेल्या आहेत. द्रावण विरल नायट्रिक ॲसिडने आम्ल केलं नाही तर अमोनिया सिल्व्हर क्लोराइड विरघळवून टाकतो आणि क्लोराइड नाहीच असं वाटतं. दुसरी चूक पाण्याची. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यातच इतकं क्लोराइड आहे, की नुसत्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं तरी दूध होतं. परीक्षानळी शेवटी डिस्टिल्ड पाण्याने तीनदा खंगाळा आणि आधी कोऱ्या पाण्याची चाचणी घ्या.

कंडक्टिव्हिटी मीटर आहे. त्याचा उपयोग?

खूप आहे, आणि बऱ्याच कॉलेजांत तो धूळ खात पडलेला असतो. ०.००१ मोलर द्रावण करा. मीटरवर मायक्रोसीमेन्स प्रति सेंमीमध्ये जो आकडा येतो, त्यातून पाण्याचा आकडा वजा केला, की तोच थेट मोलर कंडक्टन्स होतो. वेगळा भागाकार लागत नाही. पाण्यात २५ अंशांवर एकास-एक क्षार १२० ते १३० च्या आसपास, दोन क्लोराइड बाहेर असलेला २३५ ते २७३, तीन बाहेर असलेला ४०८ ते ४३५. तापमान दर अंशाला वाहकता सुमारे २ टक्क्यांनी वाढवतं, म्हणजे ४० अंशांच्या खोलीत आकडा तीसेक टक्के फुगतो आणि पेंटाअमाइन हेक्साअमाइनच्या दिशेने सरकलेला दिसतो. बीकर २५ अंशांवर आणूनच मोजा. तांबं आणि निकेलचे अमोनिया कॉम्प्लेक्स इतक्या विरल पाण्यात फुटतात, त्यांच्यावर ही चाचणी घेऊ नका. कोबाल्ट +३ मात्र आपले लिगँड सहजी सोडत नाही.

तांब्याची टक्केवारी बरोबर आली. म्हणजे कॉम्प्लेक्स सिद्ध झाला ना?

नाही, आणि या एका मुद्द्यावर अनेक प्रॅक्टिकल वह्या चुकतात. टेट्राअमाइन कॉपर सल्फेटमध्ये तांबं २५.९ टक्के आहे आणि साध्या मोरचुदात २५.५ टक्के. आयोडोमेट्रीने (आयोडीनच्या टायट्रेशनने) हा फरक विद्यार्थ्याच्या हातून पकडला जाणं कठीण. निम्मा मोरचूद मिसळलेला नमुनासुद्धा ‘बरोबर’ येईल. मोजायचा तो अमोनिया: तो २७.७ टक्के यायला हवा. साधारण ०.२ ग्रॅम नमुना सोडियम हायड्रॉक्साइडसोबत उकळा, निघणारा अमोनिया ५० मिली ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये घ्या, उरलेलं ॲसिड मिथिल रेड घालून टायट्रेट करा. नळीचं टोक ॲसिडमध्ये बुडालेलं हवं, पण उष्णता बंद करण्याआधी ते वर काढा, नाहीतर ॲसिड उलट चढून फ्लास्कमध्ये येतं.

आकार कसा ठरवतात?

आयआर (अवरक्त) आणि यूव्ही-व्हिजिबल (अतिनील-दृश्य) वर्णपट आणि चुंबकीय मोजमाप यांची सांगड घालून. निकेल +२ अष्टफलकी असेल तर दोन एकटे इलेक्ट्रॉन, मॅग्नेटिक मोमेंट २.८३ बोर मॅग्नेटॉनच्या थोडं वर. चौरस समतल असेल तर शून्य. कोबाल्ट हेक्साअमाइनमध्ये सहाही डी-इलेक्ट्रॉन जोडीत असतात, म्हणून तोही शून्य. आयआरमध्ये अमोनियाचा एक पट्टा फार बोलका आहे: कोबाल्ट हेक्साअमाइनमध्ये तो १३३० प्रति सेंमीजवळ आणि निकेलमध्ये ११७५ जवळ दिसतो. पकड जितकी घट्ट, तितका पट्टा वर. यूव्ही-व्हिजिबलमध्ये मोरचुदाचा पट्टा ८०० नॅनोमीटरच्या आसपास असतो, अमोनिया जोडल्यावर तो ६०० जवळ येतो. निळ्याचं गर्द होणं ते हेच.

यंत्रं बहुधा अमरावती किंवा नागपूरच्या विद्यापीठ विभागांत असतात. नमुना पाठवताना पूर्ण कोरडा, दहा मिलीग्रॅम, घट्ट बुचाच्या लहान बाटलीत. पावसाळ्यात पोटॅशियम ब्रोमाइडची टिकली हवेतलं पाणी ओढते आणि ३४०० जवळचा रुंद पट्टा तुमच्या नत्र-हायड्रोजनचे पट्टे गिळून टाकतो.

शिफ बेसचा कॉम्प्लेक्स एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला जमेल का?

जमेल, आणि अमोनियापेक्षा उन्हाळ्याला तो बरा. सॅलिसिलाल्डिहाइड २.४४ ग्रॅम, म्हणजे सुमारे २.१ मिली, २५ मिली इथेनॉलमध्ये घ्या. त्यात इथिलिनडायअमाइन ०.६० ग्रॅम, म्हणजे ०.६७ मिली, हलवत घाला. काही सेकंदांत पिवळे चकचकीत पापुद्रे उतरतात. अर्धा तास रिफ्लक्स करा, गाळा. यील्ड जास्तीत जास्त २.६८ ग्रॅम, वितळबिंदू १२५ अंशांच्या आसपास. हा लिगँड गरम इथेनॉलमध्ये विरघळवून निकेल ॲसिटेट (चार पाण्याचं) २.४९ ग्रॅम घातलं की नारिंगी-लाल कॉम्प्लेक्स मिळतो, चौरस समतल, मॅग्नेटिक मोमेंट शून्य. नमुन्यात मोमेंट दिसला तर निकेल ॲसिटेट धुतलं गेलेलं नाही.

ॲसिटेटऐवजी निकेल क्लोराइड वापरलं आणि बेस घातला नाही, तर सुटणारं ॲसिड शिफ बेसलाच फोडतं आणि बीकरला पुन्हा सॅलिसिलाल्डिहाइडचा कडू बदामासारखा वास येतो. नाकाला तो वास आला की सोडियम ॲसिटेट घालून नव्याने सुरुवात करा. आयआरमध्ये कार्बन-नत्र दुहेरी बंधाचा पट्टा लिगँडमध्ये १६३५ जवळ असतो, कॉम्प्लेक्समध्ये दहा-वीस अंकांनी खाली सरकतो. हा सरकलेला पट्टा नत्र जोडल्याचा पुरावा म्हणून प्रबंधात चालतो. ४०० ते ५०० मधल्या पट्ट्यांना धातू-नत्र असं छातीठोक नाव देऊ नका, तिथे गर्दी फार असते.

शेतात वापरतात ते चिलेटेड झिंक म्हणजे हेच का?

हो. ईडीटीए नावाच्या लिगँडमध्ये दोन नत्र आणि चार ऑक्सिजन मिळून झिंकला सहा बाजूंनी वेढतात. भारतीय खत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यात झिंक किमान १२ टक्के हवं. लोहाच्या बाबतीत मात्र आपल्या जमिनीचा विचार करा. विदर्भातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीचा पीएच ८ च्या आसपास असतो आणि तिथे कॅल्शियम ईडीटीएमधल्या लोहाला हुसकावून त्याची जागा घेतं. त्यामुळे संत्र्याची पानं पिवळी पडली म्हणून लोह-ईडीटीए जमिनीतून दिलं तर बराचसा खर्च वाया जातो, फवारणीने दिलं तर निभतं. ईडीडीएचए नावाचा लिगँड अशा जमिनीतही लोह धरून ठेवतो, फक्त तो महाग पडतो.

निळ्या द्रावणात कापूस विरघळतो म्हणतात, खरं आहे?

खरं आहे, आणि कापसाच्या मुलखात हे विद्यार्थ्यांना दाखवायलाच हवं. मात्र सल्फेटचं द्रावण चालत नाही, हायड्रॉक्साइडचं लागतं. ५ ग्रॅम मोरचूद १०० मिली थंड पाण्यात घेऊन १.६ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइडचं विरल द्रावण हळू घाला. गरम केलं किंवा जास्त घातलं तर साका काळा पडतो. फिकट निळा साका पाण्याने नीट धुवा आणि ५० मिली लायकर अमोनियात विरघळवा. त्यात अर्धा ग्रॅम सर्जिकल कापूस थोडा थोडा टाकून बाटली बंद करून हलवत ठेवा. शेतातला कच्चा कापूस मेणामुळे भिजत नाही, तो आधी सोड्याच्या पाण्यात उकळावा लागतो. काही तासांनी मधासारखं घट्ट द्रावण होतं. ते सिरिंजने १० टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये सोडा. सुईतून निळा धागा निघतो आणि बघता बघता पांढरा होतो. क्युप्रा रेयॉन याच मार्गाने बनतं. गर्द निळं द्रावण गाळताना फिल्टर पेपर बुळबुळीत होऊन फाटतो, त्याचंही कारण हेच. काचेची लोकर वापरा.

उरलेली द्रावणं नालीत टाकावीत का?

नाही. नालीचं पाणी पुढे नाल्याला आणि तिथून विहिरीला जातं. तांबं, निकेल, कोबाल्टचे डबे वेगळे ठेवा. अमोनिया असताना चुना टाकून धातू नीट खाली बसत नाहीत, म्हणून विरल ॲसिडने आम्ल करून बंद डब्यात ठेवा. तांब्याच्या आम्ल द्रावणात गंज काढलेले खिळे टाकले तर तांबं त्यांच्यावर चढतं आणि परत मिळतं.

सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनिया एकत्र आलेलं द्रावण एक रात्रही ठेवू नका. त्यातून कोरडा होताना फुटणारा काळा साका तयार होतो. त्याच दिवशी, बेसिनजवळच, हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून पांढरं सिल्व्हर क्लोराइड करून टाका. अमोनिया सांडलेल्या ओट्यावर ब्लीचिंग पावडर टाकू नका, त्यातून विषारी क्लोरामाइन वायू सुटतो. भरपूर पाणी ओता, खिडक्या उघडा आणि वास जाईपर्यंत वर्ग बाहेर काढा.